बारा नंबर फाटकावरची थडगी

"बाई, तुमचा विश्वास बसणार नाही, पण हा माणूस तीनदा मेला," असं म्हणून साये तोकपाने पांढऱ्या ढिगाऱ्यावर हात ठेवला. चुना अजून ओला होता. हात पांढरा झाला, तो त्याने बोलता बोलता पँटला पुसून टाकला.

डेकॉन्टी बाईने वहीतून डोकं वर काढलं. कंपनीच्या जीपमधून राजधानी मन्रोव्हियाहून आलेली, तिशी ओलांडलेली बाई. पायांत गमबूट, एका हातात पेन, दुसऱ्या हातात लाल रंगाचा डबा. "तीनदा कसा मेला?"

"पहिल्यांदा साप चावला. पण हा त्या दिवशी इतकी प्यायला होता की सापच मेला. हा नुसता बेशुद्ध. लोकांनी गुंडाळला, रडून घेतलं, खड्डा खणला. खड्ड्यात उतरवताना हा उठून बसला आणि म्हणाला, माझ्या वाटणीचा भात कुणी जेवला? दुसऱ्यांदा नदीवर मगरीने ओढून नेला. तिसऱ्या दिवशी मगरीनेच परत आणून काठावर ठेवला. तिला ह्याची बडबड सोसवेना."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा म्हातारपणाने. त्याला कुणाचा काय इलाज?"

ढिगाऱ्यापलीकडे मोटारसायकलवाला प्रिन्स टोपी काढून उभा होता. मोटारसायकलवर भाडी मारणारा हा पोरगा एरवी कुणासमोर टोपी काढत नसे. आता त्याने चेहरा इतका पाडला होता की पोटात दुखतंय असं वाटावं.

डेकॉन्टी बाई त्याच्याकडे बघत सायेला म्हणाली, "पा, हा मुलगा फक्त तीन शब्द बोलला." इकडे वयाने मोठ्या पुरुषाला पा म्हणतात आणि बाईला मा.

"आमची बोली फार दाट आहे, बाई. तीन शब्दांत पुष्कळ मावतं."

प्रिन्स म्हणाला होता, "हे माझे आजोबा." बाईने वहीत काहीतरी लिहिलं, ढिगाऱ्याशी रोवलेल्या खुंटीवर लाल रंगाने सदतीस आकडा काढला आणि ती पुढे निघाली. साये तिच्या मागे गेला. प्रिन्सने टोपी घातली.

तसं प्रिन्सला इंग्रजी येत होतं. पण मेलेल्यांबद्दल जे सांगायचं ते घरच्या माणसाने घरच्या बोलीतच सांगायचं आणि दुभाष्याने ते कंपनीला इंग्रजीत समजावायचं, असं गावच्या वडीलधाऱ्यांनी कंपनीकडून लिहून घेतलं होतं. कारण काय, तर मेलेल्यांना इंग्रजी कळत नाही, आपल्याबद्दल काय चाललंय ते त्यांना कळायला नको का? ही अक्कल सायेची. दुभाष्याला दिवसाचे पाच डॉलर आणि जेवण होतं, आणि दुभाषाही सायेच होता.

बारा नंबर हे गावाचं नाव. पूर्वी डोंगरातल्या खाणीतून बंदराकडे लोखंडाच्या मातीची गाडी जायची, तिचं बारावं फाटक इथे होतं. साये वयाच्या विसाव्या वर्षी त्या फाटकावर लागला. दिवसाला सहा गाड्या. गाडी आली की बांबू खाली, गेली की वर. बाकीचा वेळ फाटकाशी अडलेल्या लोकांना थापा मारायच्या. लोक म्हणायचे, गाडी उशिरा आली तरी चालेल, पण सायेची गोष्ट अर्धी राहायला नको. मग लढाई आली. गाडी थांबली, साहेब लोक गेले, रुळांवर गवत उगवलं, गवतावर झुडपं, आणि चौदा वर्षांनी शांतता झाली तेव्हा झुडपं तोडून लोकांनी तिथे बाजार मांडला.

शांततेनंतर काही वर्षांनी एका दुपारी रेडिओवर सांगितलं की बाहेरच्या देशांनी आपल्या देशाचं कर्ज माफ केलं. गाव नाचलं. नाचता नाचता निम्मं गाव जालोच्या दुकानावर गेलं, रेडिओ सोबत घेऊन. जालो फुला जातीचा, शांत माणूस, तांदूळ-तेल-साबण विकायचा. त्याने रेडिओ पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाला, "देशाला माफ केलंय ना? मग देशाला पाठवा माझ्याकडे तांदूळ न्यायला. तुम्ही मागचे पैसे टाका." तेव्हा सायेनेच लोकांना समजावलं, की बाबांनो, हे आपल्यासाठी नाही, पण आपल्यापर्यंत येईल. सावकाराने पाटी पुसली म्हणजे बाकीच्या श्रीमंतांना धीर येतो. आता ते आपल्याकडे दुकान मांडायला येतील, बघा.

सायेच्या आयुष्यातली ही एकच थाप असेल जी खरी ठरली. दोन वर्षांत नवी कंपनी आली. खाण पुन्हा उघडायची, रूळ पुन्हा टाकायचे. रुळांच्या दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास पावलं जमीन मोकळी करायची. आणि कंपनीला पैसा देणारी जी कुठली बँक होती तिची अट होती की जे काही हलवाल त्याची भरपाई द्या. झोपडीला ऐंशी डॉलर. कसाव्याच्या कंदांच्या वाफ्याला बारा. आणि थडग्याला दीडशे, शिवाय तांदळाचं एक पोतं आणि पांढरं कापड.

चहाच्या टपरीवर कागद वाचून झाला. मग प्रिन्स म्हणाला, "म्हणजे मी जिवंत असताना ऐंशीचा, आणि मेल्यावर दीडशेचा?"

"तू मेल्यावरसुद्धा ऐंशीचाच," साये म्हणाला. "पण तुझे आजोबा दीडशेचे होतील."

"माझे आजोबा सरहद्दीपलीकडे गिनीत पुरलेत."

"ते कंपनीला कोण सांगणार आहे?"

पहिलं थडगं कुणी घातलं यावर गावात अजून वाद आहे. कल्पना कुणाची यावर नाही. गावाचं खरं दफनस्थान ओढ्यापलीकडे. रुळांजवळ पुरायची रीतच नव्हती. पण तीन आठवड्यांत एक्केचाळीस घरांच्या बारा नंबरात रुळांच्या कडेने एकशे एकोणीस थडगी उगवली. जालोच्या दुकानातला चुना संपला. जालोने स्वतःसाठीही दोन घातली, एक मामाचं, एक मामाच्या दुसऱ्या बायकोचं. खणून बघतील ही भीती नव्हती, कारण वडीलधाऱ्यांनी तेही ठरवून घेतलं होतं: हाडं हलवायची नाहीत, प्रत्येक थडग्यावरची घमेलंभर माती उचलून नव्या जागी न्यायची आणि तिथे घरच्या माणसाने मेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की तो माणूस मागोमाग येतो.

सायेच्या नावावर मात्र एकही थडगं नव्हतं.

लोकांनी त्याबद्दल त्याला विचारलं नाही. फाटकाच्या मोडक्या खोपटामागे, रुळांपासून वीस पावलांवर, सायेचा मुलगा दोलो पुरलेला होता. लढाईच्या दिवसांत याच फाटकावर लढणाऱ्या पोरांची चौकी बसली होती. रस्त्यात दोरी, दोरीपाशी बंदुका. त्यांनी सायेला तिथेच ठेवून घेतलं, कारण तो हसवायचा. तो थापा मारायचा, पोरं हसायची, आणि हसता हसता दोरी खाली करायची. किती बायका, किती पोरंबाळं त्या हसण्याखालून पलीकडे गेली. एका सकाळी चौकीवर दुसरी टोळी आली. ती कशालाच हसत नव्हती. दोलो तेव्हा तेरा वर्षांचा होता.

वर दगड ठेवता आला नाही, कारण दगड दिसला तर टोळीने विचारलं असतं. आठवड्याने सरहद्दीवरून आलेल्या एका चुलत भावाने विचारलं, दोलो कुठाय? साये म्हणाला, "शेवटच्या गाडीत बसवून दिला बंदराला." शेवटची गाडी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. भावालाही ते माहीत होतं. त्याने मान हलवली.

तेव्हापासून दोलो पुढे पुढेच जात राहिला. बंदरावरून जहाजाने घानाला, घानाहून अमेरिकेला. आता तो मिनेसोटात गाडी चालवतो, बर्फातून. साये टपरीवर त्याची खबर सांगतो आणि गाव ऐकतं. "पा, दोलोला बढती मिळाली का?" असं कुणी आपणहून विचारतंसुद्धा. गावात सायेच्या प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी आडवं जातं, ही एक सोडून. त्याची बायको यासा हिने कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोपटामागचं गवत ती दुसऱ्या कुणाला कापू देत नसे, इतकंच.

आज शुक्रवार होता. यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. सोमवारी सकाळी सातला बुलडोझर येणार होता, आणि ज्या जागेवर लाल आकडा नाही ती जागा सरळ सपाट होणार होती.

साये हे सगळं सकाळपासून जाणून होता. म्हणूनच बहुधा तो एरवीपेक्षा जास्त बोलत होता. बेचाळीस नंबरची बाई वीज पडून मेली आणि त्यानंतर वर्षभर तिच्या घरात दिव्याला तेल लागलं नाही. पन्नास नंबरच्या माणसाला सात बायका होत्या आणि सातही जणींना वाटायचं की आपण एकटीच आहोत. डेकॉन्टी बाई लिहीत होती. तिने एकदाही "खरंच?" असं विचारलं नाही, त्यामुळे सायेला थोडा राग आला होता. थाप मारणाऱ्याला निदान भुवई तरी वर गेलेली दिसावी लागते.

एकसष्ट नंबरला म्हातारी कोऊ बसली होती. बाकीच्यांसारखी उभी नाही. ढिगाऱ्याला टेकून बसली होती. साये मनात गोष्ट जुळवत होता. म्हातारीसाठी त्याने नवरा योजून ठेवला होता, हत्तीवरून पडलेला.

म्हातारी म्हणाली, "ही माझी बहीण मार्था. सरहद्दीकडे चालत निघालो होतो. ती म्हणाली, तू हो पुढे, मी जरा बसते. मी झाले पुढे." तिने ढिगाऱ्यावर हात टेकला. "तिचं डोक्याचं फडकं माझ्याकडे राहिलं होतं. ते घातलंय आत."

सायेने तोंड उघडलं. डेकॉन्टी बाईचं पेन त्याआधीच कागदावर चाललं होतं. घाईत आहे बाई, त्याला वाटलं.

"बहीण," तो म्हणाला. "मार्था. वाटेत गेली."

"एवढंच?"

"एवढंच."

हे एकच झालं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण पुढे बासष्टला तसंच झालं, आणि अडुसष्टला, आणि जालोच्या मामाच्या थडग्यावरसुद्धा. जालो दोन आठवड्यांपूर्वी चुना फासताना हसत होता. आज त्याने मामाचं नाव सांगितलं आणि खाली बघितलं. मामा खरोखर होता. ट्रकमधून तांदूळ आणायला गेला होता, तो ट्रकही परत आला नव्हता. थडगी खोटी, पण लोकांनी त्यांत ठेवायला म्हणून माणसं शोधली, आणि शोधायला गेल्यावर प्रत्येकाला आपलं कुणीतरी आठवलं ज्याला थडगं मिळालं नव्हतं. सायेच्या तयार गोष्टी कुणाला लागेनात.

"पा आज थोडक्यात आवरतायत," बाई म्हणाली.

"घसा बसलाय, बाई."

दुपारी यासा जेवण घेऊन आली. भात आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण, वर सुकी मासळी. रुळांच्या जुन्या लाकडी ओंडक्यावर बसून तिघं जेवली. म्हणजे दोघं जेवली. यासा उभी राहून बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि बाईला बोली येत नव्हती असं सगळे धरून चालले होते.

यासा सायेला म्हणाली, "बावीस वर्षं फाटक सांभाळलंस, पण स्वतःच्या तोंडाला एक बांबू आडवा घालता आला नाही तुला. सकाळपासून पोरं येऊन सांगतायत. साप काय, मगर काय."

बाईने भाताचा घास तोंडात ठेवून सायेकडे बघितलं.

"ती विचारतेय, कालवणात मीठ बरोबर पडलंय का?"

"मीठ बरोबर आहे," बाई म्हणाली. "मिरची थोडी जास्त आहे. पण ती पांना ठसकली पाहिजे, मला नाही."

सायेला हे उत्तर जरा विचित्र वाटलं. पण राजधानीची माणसं बोलतातच तशी.

यासाने बाईच्या ताटात आणखी कालवण वाढलं. मग ती सायेला हळू म्हणाली, "अजून किती राहिलेत?"

"चाळीसेक."

"आणि शेवटी?"

साये जेवत राहिला.

"साये, मी विचारतेय. शेवटी काय करणार आहेस?"

"भात गार होतोय," तो म्हणाला.

बाईने काही विचारलं नाही. बोटं चाटून स्वच्छ केली आणि म्हणाली, "पा, एक सांगते. माझं काम नावं लिहायचं. आत कोण आहे हे बघायचं काम मला कुणी दिलेलं नाही, आणि दिलं असतं तरी मी ते घेतलं नसतं. कुणी नाव सांगितलं, मी लिहिलं. कुणी नाही सांगितलं, तर ते मला लिहिता येत नाही." मग ती उठली.

चारच्या सुमाराला एकशे एकोणिसावा आकडा पडला. डब्याच्या तळाशी रंगाचे चार थेंब उरले होते. लोक पांगले नव्हते. उलट जे पांगले होते तेही परत जमत होते, आणि कुणी कुणाला बोलावलं नसताना निम्मं गाव बाईच्या मागोमाग रुळांवरून फाटकाकडे चालत आलं. प्रिन्सने मोटारसायकल हातानेच ढकलत आणली. इंजिन चालू केलं नाही.

फाटकाचा एक खांब उभा होता, दुसरा कधीच भंगारात गेला होता. खोपटाला छप्पर नव्हतं. मागे गवत होतं, नीट कापलेलं, बाकीच्या रानात उठून दिसेल असं.

डेकॉन्टी बाईने नकाशा उघडला. "मशीन इथूनच सुरू होणार. सोमवारी सातला. इथे काही आहे, पा?"

"इथे मी होतो," साये म्हणाला. "दिवसाला सहा गाड्या. एकदा गाडीच्या पुढे एक हत्तीण..."

"दुसरं काही?"

"दुसरं काय असणार?"

"दिवसभर तुम्ही सगळ्यांची माणसं सांगितलीत. तुमच्या घरचं कुणी नाही?"

"आमच्या घरात मरायची पद्धत नाही, बाई." तो हसला. मागे कुणी हसलं नाही, म्हणून तो भराभर पुढे बोलू लागला. "एकच मुलगा. तो मिनेसोटात असतो. गाडी चालवतो. ह्या इथूनच शेवटच्या गाडीत बसवून दिला त्याला मी. तिथे बर्फ एवढा पडतो की गाडीच्या पुढे फावडं बांधावं लागतं. आता इथली लाइन सुरू झाली की तो येणार आहे, इथली गाडी चालवायला. कंपनीला अनुभवी माणूस लागेलच ना? तुम्ही त्याचं नाव त्या दुसऱ्या यादीत घाला, नोकरीच्या."

बाईने पेन उचललं नाही. लोक खाली बघत होते, रुळांकडे, स्वतःच्या पायांकडे. दोलोच्या गोष्टीला मान हलवायची सवय होती सगळ्यांना, पण आज कुणाची मान हलेना.

यासा लोकांमधून पुढे आली. ती सायेकडे आली नाही. कापलेल्या गवतापाशी जाऊन उभी राहिली आणि बाईकडे तोंड करून बोलली. मोठ्याने नाही, बाजारात भाव सांगावा तशा आवाजात.

"दोलो इथे आहे. तेरा वर्षांचा होता. उशाकडची बाजू खोपटाकडे आहे. माझ्या निळ्या लुगड्यात आहे, नवीनच होतं ते. खड्डा ह्याने खणला, एकट्याने. मी कुदळ मागितली तर दिली नाही मला. बाईंना सांग, साये. त्याला मागे ठेवून मी जाणार नाही."

बाई सायेकडे वळली आणि थांबली. दिवसभर जशी थांबत होती तशीच; घरच्या माणसाचं झालं, आता दुभाष्याचं.

सायेने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, ती परत उलगडली. एकशे एकोणीस वेळा हे काम त्याने सहज केलं होतं. शब्द त्याच्याकडे कधी कमी पडले नव्हते, चौकीवरसुद्धा नाही, त्या सकाळीसुद्धा नाही. त्या सकाळी तो शेवटपर्यंत बोलत होता.

"ती म्हणते..." त्याने घसा साफ केला. "ती म्हणते की मशीनवाल्यांना सांगा, जरा जपून चालवा म्हणावं. पोरगा परत आला की विचारेल, माझी खेळायची जागा कुठे गेली."

डेकॉन्टी बाईने वहीचं पान उलटलं. कोऱ्या पानावर वरच्या बाजूला एकशे वीस लिहिलं. मग पेन तसंच धरून तिने वर बघितलं.

"पा," ती म्हणाली. इंग्रजीत नाही. आमच्या बोलीत म्हणाली, सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावण्यांत लहानाची मोठी झालेली माणसं बोलतात त्या हेलात. "मा असं नाही म्हणाल्या."